‘किरीट विसर्जन’ : एका संज्ञेची चिकित्सा

उच्च दाबाच्या विद्युत्‌वाहक तारेभोवती अंधारात दिसणारी जांभळट प्रभा, तिच्यासवे ऐकू येणारा चुरचुराट आणि ओझोनाचा उग्र दर्प ही ज्या घटनेची लक्षणे, तिला मुकुटवाचक लॅटिन शब्दावरून ‘करोना’ हे नाव पडले. ‘किरीट विसर्जन’ हा तिचा मराठी पर्याय व्युत्पत्तिदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु संज्ञेची परीक्षा व्युत्पत्तीपाशी संपत नाही. ती विद्यार्थ्याच्या मनात घटनेची कोणती कल्पना रुजविते, हा खरा प्रश्न होय.

‘विसर्जन’ या शब्दात ‘जवळचे सोडून देणे’ हा अर्थ प्रधान आहे. मूर्तीचे विसर्जन होते, सभेचे होते. साहजिकच तारेतील वीज हवेत सांडते, असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात विश्वकिरण आणि भूमीतील किरणोत्सर्ग यांमुळे हवेत काही मुक्त इलेक्ट्रॉन सदैव निर्माण होत असतात. तारेलगतचे विद्युत् क्षेत्र पुरेसे तीव्र असल्यास असा इलेक्ट्रॉन रेणूवर आदळून दुसरा इलेक्ट्रॉन मोकळा करतो. एकाचे दोन, दोहोंचे चार होतात. तार धन असते तेव्हा हे इलेक्ट्रॉन तारेकडे धावतात, म्हणजे ‘विसर्जना’च्या नेमके उलट दिशेने. तार ऋण असते तेव्हा ते बाहेर जातात आणि क्षेत्र क्षीण झाले, की ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटून मंदावतात. प्रत्यावर्ती प्रवाहात या अवस्था आळीपाळीने येतात. शब्दाला एकच दिशा आहे. घटनेला ती नाही.

टाउनसेंड यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडलेल्या या गुणनक्रियेला पुढे ‘हिमलोटा’ची उपमा रूढ झाली. तीही सर्वांशी जुळत नाही. हिमलोटात आधीच साचलेले हिम वाहते, येथे मुक्त कण नव्याने उत्पन्न होतात. तथापि लोटाला वाढण्यास अंतर लागते, हे मर्म ती उपमा सांभाळते.

त्या मर्माचे महत्त्व पीक यांच्या १९११ च्या नियमात दिसते. सम क्षेत्रात सामान्य हवा दर सेंटिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्टला भंग पावते. परंतु समांतर गुळगुळीत तारांच्या पृष्ठावर प्रभा दिसू लागण्यास, त्रिज्या १ सेंटिमीटर असता सुमारे ३९ आणि १ मिलिमीटर असता सुमारे ५८.६ किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर इतके शिखर-क्षेत्र लागते. तार जितकी बारीक, तितके क्षेत्र तिच्यापासून दूर जाताना झपाट्याने घटते आणि लोटाला वाढण्यास जागा कमी उरते. म्हणून प्रारंभीची तीव्रता अधिक हवी. पीक यांनी ऊर्जा साठण्यास लागणारे अंतर कल्पून सूत्र जुळविले. सूत्र टिकले, पण त्यामागील क्रिया टाउनसेंडप्रणीत विवेचनावाचून कळत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. वीज ‘गळते’ अशी समजूत झालेला विद्यार्थी उपाय म्हणून तारेवर निरोधक वेष्टन शोधील. अभियंते मात्र एका तारेऐवजी काही अंतरावर दोन, तीन वा चार तारांचा जुडगा योजतात. त्याने पृष्ठावरील क्षेत्रच मंदावते. पावसाच्या थेंबाने किंवा ओरखड्याने घटना का बळावते, याचेही उत्तर क्षेत्राच्या स्थानिक तीव्रतेत आहे, ‘गळती’त नाही.

ऊर्जेचा व्यय होतो एवढ्यापुरते ‘विसर्जना’चे समर्थन करता येईल. मूळ ‘करोना’ शब्द तसाच ठेवावा, तर २०२० पासून मराठीत तो रोगवाचक झाला आहे. यास्तव दृश्य रूपास ‘किरीट’ आणि क्रियेस ‘आयनीभवन’ असे दोन शब्द निराळे योजणे इष्ट होय. एक शब्द दिसते ते सांगेल, दुसरा घडते ते. आणि अध्यापनात या दोहोंची गल्लत टाळणे हेच परिभाषेचे पहिले कर्तव्य आहे.