शेवटचा टाका कोणाचा?

गोधडीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे गोधडीकडे न पाहता लिहिलेले आहे. ललित लेख असो, कविता असो की शाळेतल्या निबंधाचा नमुना, तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘मायेची ऊब’ येते, आजीच्या लुगड्याचा वास येतो आणि गोधडी तिथेच संपते. ती किती पदरी होती, टाका केवढा होता, कडेकडून शिवत आणली की मधून सुरुवात केली, शिवणारीच्या हातावर कोणी काय ठेवले, यातले काही कळत नाही. माझे भांडण भावनेशी नाही. आजीच्या लुगड्याला वास असतोच. पण ‘माया’ हा शब्द एकदा उच्चारला की कामाचा हिशेब विचारणे असभ्य ठरते, आणि गोधडीवरच्या लेखनाने हे असभ्यपण टाळण्यातच धन्यता मानली.

भाषेने मात्र हिशेब ठेवला आहे. दुपटे म्हणजे दोन पट, चौघडी म्हणजे चार घड्या. वाकळ म्हटले की अनेक थरांचे जाड, जड अंथरूण डोळ्यांपुढे येते. रजई निराळी, तिच्यात कापूस, आणि कापूस आला की पिंजारी आला. आपली ही नावे थर मोजतात. अमेरिकेतल्या गोधड्यांची नावे बहुधा नक्षीवरून पडली: लॉग केबिन, हाउसटॉप, डबल वेडिंग रिंग. तिकडची समीक्षा रंग, रेषा, रचना यांच्याबद्दल सहज बोलू लागली, याचे एक कारण हेही असावे. आपल्याकडे डोळ्यांना दिसणारा वरचा थर हा अनेकांतला एक. निम्मी गोधडी आत असते.

आता तिची कृती पाहू. जुनी वस्त्रे धुऊन, उसवून, विरलेला भाग काढून घेतात. अंगणात किंवा देवळाच्या सभामंडपात खालचे लुगडे ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड नाहीतर वरवंटा ठेवायचा, मग आतले तुकडे पसरायचे. हे पसरणे फार कौशल्याचे असते. एका जागी दोन तुकडे एकमेकांवर जास्त चढले तर गाठोडे होते, कमी पडले तर तिथून थंडी आत येते. वरचे कापड आले की लांब टाक्यांनी सगळे तात्पुरते टाचून घ्यायचे, आणि मग धावदोरा. उन्हाळ्यात, शेतीची कामे उरकल्यावर आणि पाऊस पडण्याआधी, शेजारणी एकेक बाजू धरून बसतात. कोणाचा टाका बारीक, कोणाचा लांब. जाणती बाई गोधडी उलटी करून सांगू शकते की ही बाजू कोणाची. आपल्याकडे कलाकृतीवरच्या सहीबद्दल एवढी चर्चा होते. ही सही मात्र कोणी वाचत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या ‘कवंदी’त ही रीत अधिक स्पष्ट दिसते. या समाजातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तिथून घाटावरच्या रानात आले. त्यांच्या बोलीत कोकणीचा मोठा अंश आहे, मराठी आणि कन्नडही मिसळलेली आहे. कवंदी एका कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने फेर घेत आत सरकते आणि मध्यावर संपते. ठिगळे आधी वेगळी जोडून घेतलेली नसतात. ठिगळ ठेवायचे, कड दुमडायची आणि त्याच धावदोऱ्याने ते बसवायचे. जोडणे आणि शिवणे ही एकच क्रिया. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्यांचे ‘फुला’ लावतात. ऊब देण्यात त्यांचा काहीही उपयोग नाही, पण ते नसतील तर कवंदी उघडी समजली जाते. ‘गरीब बायकांना सौंदर्य परवडत नाही, त्या केवळ गरजेपुरते शिवतात,’ असे मानणाऱ्या अभ्यासकाने हे चार कोपरे पाहावेत. कवंदीवर नेटाने काम केले ते हेन्री ड्र्यूअल या अमेरिकी कला-इतिहासकाराने. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचे स्वतंत्र पुस्तक आहे. दोघांचेही लेखन इंग्रजीत. मराठीत आपण ऊब घेत बसलो.

अमेरिकी क्विल्टची घडण याहून वेगळी. तिथे वरचा नक्षीचा थर आधी पूर्ण जोडतात. मग अस्तर, मध्ये कापसाची लादी, आणि तिन्ही थर एकत्र शिवणे हे दुसरे काम. कडेची पट्टी सर्वांत शेवटी. कामाचे असे दोन भाग पडल्यामुळे ते दोन माणसांतही वाटले जाते. आज वरचा थर घरी जोडून तो ‘लाँगआर्म’ यंत्र बाळगणाऱ्या बाईकडे पाठवण्याची तिथे सर्रास पद्धत आहे. ती चौरस इंचावर दर लावून शिवून देते. मग ही गोधडी कोणाची? जोडणारी म्हणते माझी. शिवून देणारीच्या टाक्यांशिवाय मात्र ते नुसते जोडलेले कापड होते. प्रदर्शनांत दोघींची नावे लावण्याची रीत आता तिथे आहे. ती मला योग्य वाटते.

ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेची चर्चा नेहमी एकाच प्रश्नावर होते: गोधड्या भिंतीवर टांगायच्या की अंगावर घ्यायच्या? शिकून शहरी झालेली डी त्या टांगायला मागते. आई त्या हिसकावून घेऊन घरी राहिलेल्या मॅगीला देते. वाचक बहुधा आईच्या बाजूने उभा राहतो आणि पुस्तक मिटतो. पण या गोधड्यांचे तुकडे आजीने जोडले होते आणि त्या चौकटीला लावून शिवल्या होत्या निवेदक आईने आणि मावशीने, हा तपशील कथेत आहे. म्हणजे ज्या बाईकडे वारसा मागितला जातो, तिचेच टाके त्यात आहेत. डी आजीचा हात आठवते. समोर बसलेल्या आईचा हात तिला दिसत नाही. मॅगीला गोधडी शिवता येते, हे आई जाणून आहे. माझ्या मते कथेचा निवाडा टांगण्या-पांघरण्यापाशी होत नाही, काम कोणाला येते यापाशी होतो.

टांगण्याचे पुढे काय होते, हे अलाबामातल्या जीज बेंडने दाखवले. नदीच्या वळणात अडकलेली, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशजांची ही वस्ती. मळ्याच्या जुन्या मालकावरून अनेकांचे आडनाव पेटवे. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, तेव्हा समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकला दिसली. दिसली ते चुकीचे नव्हे. पण मिझूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये मेलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची जी गोधडी केली, तिच्यातले फिकट निळे पट्टे ही निव्वळ रंगसंगती नाही. कुठले कापड गुडघ्याशी विरले, कुठे खिसा उसवल्यावर गडद चौकोन उरला, याने तिचे रंग ठरले. रचना म्हणून वाचताना हे वगळले तर रचनाही अर्धीच वाचली जाते. पुढे २००७ मध्ये तिथल्या काही बायकांनी मोबदल्यावरून संग्राहकांविरुद्ध न्यायालयात दावे केले, ते नंतर मिटले. भिंतीवर नाव लागणे आणि हाती पैसा येणे या दोन गोष्टी आहेत, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्याकडेही गोधडीला गिऱ्हाईक नवे नाही. गावोगाव दुसऱ्यांच्या गोधड्या मजुरीने शिवून देणाऱ्या बायका आहेत. कापड घरमालकिणीचे, दोरा कधी तिचा, कधी हिचा. घरी नातवासाठी शिवलेले दुपटे, शेजारणीच्या गोधडीला दिलेला हात आणि मजुरीची वाकळ एकाच हातून निघते, आणि टाक्यावरून हे तीन प्रकार वेगळे काढता येतील असे मला वाटत नाही. फरक पडतो तो कापडात. शहरी गिऱ्हाइकाला जुने कापड नको असते, त्याचा वास नको असतो, कडा सरळ हव्या असतात. मग दुकानातून नवे सुती ताग्याचे कापड आणून ते कापतात आणि त्याची ठिगळे करतात. फाटल्याशिवाय ठिगळ, ही खास आपल्या काळाची वस्तू. मी तिची टवाळी करणार नाही. तिच्यावर घरे चालतात. फक्त तिच्या खपासाठी ‘आजीची माया’ छापू नये. मजुरी छापावी, थर छापावेत, शिवणारीचे नाव छापावे.

आणि गिऱ्हाइकाने गोधडी बिघडतेच, हा शहाणपणाही तपासून घ्यावा. जीज बेंडजवळ १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था निघाली. नागरी हक्कांच्या चळवळीचा तो काळ. १९७० नंतर तिला सीअर्स या बड्या दुकानाचे काम मिळाले: कॉर्डुरॉयच्या उशांची खोळ, सगळ्या एकसारख्या, ठरल्या मापाच्या. त्या कामात कोणाच्या हाताची खूण उरायला जागा नव्हती. मात्र कातरकामातून उरलेल्या चिंध्या बायका घरी नेत. सोनेरी, तपकिरी, शेवाळी, विटकरी. कॉर्डुरॉय जाड, त्याला बारीक कापणे अवघड, म्हणून तुकडे मोठे ठेवावे लागले. जीज बेंडच्या ज्या गोधड्यांपुढे पुढे न्यूयॉर्कमध्ये लोक थबकले, त्यांतल्या काही ठळक, रुंद पट्ट्यांच्या गोधड्या याच उशांच्या खोळींतून उरलेल्या कापडाच्या आहेत.