जोडीने वाचावयाची पुस्तके

परभाषिक जिज्ञासू वाचकाला मराठीतील काही ग्रंथ सुचवावयाचे झाले, की सुचविणारा बहुधा वाङ्मयप्रकारांचा कोष्टक मांडतो: एक कादंबरी, एक काव्यसंग्रह, एक नाटक, आणि जागा उरल्यास एखादे आत्मचरित्र. अशा यादीत विविधता दिसते खरी. परंतु ती दुकानात मांडलेल्या वानगीची विविधता होय. तीमधील ग्रंथांचा परस्परांशी काही संवाद नसतो. त्याऐवजी एकाच प्रश्नाला भिडणारे दोन भिन्न प्रकारचे ग्रंथ शेजारी ठेवले, तर वाचकाला त्या भाषेतील विचारकलहच ऐकू येतो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) यांचे उदाहरण घ्यावे. पहिल्या कृतीत एक तरुण शिक्षक माणदेशातील धनगरांच्या वाडीत येतो आणि अखेर दुष्काळाने ती वाडी उठते. संयत, अल्पाक्षरी निवेदनातून तेथे गाव हे एक सजीव कुटुंब म्हणून उभे राहते. दुसरी कृती आत्मकथन आहे. तीत गाव दिसतो तो महारवाड्यातून, वतनाच्या कामांच्या मोबदल्यात धान्याचा वाटा मागणाऱ्याच्या डोळ्यांनी. म्हणून 'बनगरवाडी' खोटी ठरते काय? मुळीच नाही. दोन्ही गाव निराळे, समाजही निराळे. मात्र 'मराठी खेडे' असे एकवचनी काही असते, ही समजूत या सहवाचनानंतर टिकत नाही.

महाभारताविषयीची जोडी अशीच बोधप्रद आहे. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' (१९६२) व्यक्तिरेखांच्या अंतरंगात काव्यात्म वृत्तीने शिरते. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' (१९६७) त्याच व्यक्तींना कुल, नाते आणि भूमी यांच्या चौकटीत उभे करते. खांडववनाच्या दाहात कर्वे यांना नागांचा निर्घृण संहार दिसतो. 'युगान्त'ला साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला आणि लेखिकेने स्वतः ते इंग्रजीत नेले. त्यामुळे मराठीबाहेर हा ग्रंथ बहुधा एकटाच वाचला जातो. मग कर्वे यांची रोखठोक भूमिका हीच मराठीची महाभारतविषयक दृष्टी, असा ग्रह होणे स्वाभाविक होय.

तिसरी जोडी अधिक दूरच्या दोन व्यक्तींची. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रकाशित झाली. दोघांपैकी कोणीही वाङ्मयनिर्मितीचा अभिनिवेश बाळगलेला नाही. तथापि झाशीच्या वेढ्याची भीषणता आणि सोवळ्याओवळ्यातून सुटणाऱ्या मनाचे हास्य, ही दोन्ही बोलीच्या जवळ असलेल्या गद्याने सारख्याच सहजतेने पेलली आहेत. मराठी गद्याचे सामर्थ्य कादंबरीतच शोधणाऱ्याला हे सहसा आढळणार नाही.

या निवडीत कविता नाही, ही उणीव उघड आहे. सहांपैकी कादंबरी एकच, हाही आक्षेप येईल. कवितेच्या जोड्या लावण्यासाठी अनुवादाची निराळीच कसोटी लागेल. परंतु गद्याच्या अनुवादातही धोका थोडा नाही. 'बलुतं'च्या हिंदी अनुवादाचे नाव 'अछूत' असे आहे. मूळ शब्द श्रम आणि धान्य यांचा विषम व्यवहार सांगतो. नवा शब्द माणसाची अवस्था सांगतो. वाचक पुस्तक उघडण्यापूर्वीच त्याची दृष्टी वळविली जाते. 'बनगरवाडी' शेजारी असेल, तर गावगाड्याचा तो हरवलेला संदर्भ काही अंशी तरी परत मिळतो.

तेव्हा अनुवादासाठी ग्रंथ निवडणाऱ्यांनी उत्कृष्ट ग्रंथ कोणता, एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. त्या ग्रंथाला उत्तर देणारा दुसरा कोणता, हेही विचारावे आणि शक्य तेथे दोन्ही एकाच वाचकापर्यंत पोहोचवावे.