सोळा पानांच्या पुस्तकाविषयी

दिवाळी अंकात समीक्षा लिहायची म्हणजे कादंबरीवर लिहायची, फार तर एखाद्या कवितासंग्रहावर, असा आपल्याकडे प्रघात आहे. ज्या पुस्तकाची पाने सोळा, पानावर ओळी दोन आणि ज्याचा वाचक ते हातात घेतानाच उलटे धरतो, त्याविषयी कोणी लेख मागत नाही आणि कोणी लिहीतही नाही. अशा पुस्तकांची शेवटच्या पानांवर चार ओळींत बोळवण होते : छपाई सुबक, चित्रे आकर्षक, बालगोपाळांना नक्की आवडेल. बालगोपाळांना विचारलेले नसते.

आळंदमधल्या एका मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गासाठी ठेवलेली पत्र्याची एक पेटी मी गेली काही वर्षे सांभाळतो. नोकरीतून मोकळा झाल्यावर अंगावर घेतलेले हे काम. पेटीत शे-सव्वाशे पुस्तके आहेत. कपाट नको, पेटीच हवी, हा माझा हट्ट होता. एका शाळेत (नाव सांगत नाही, सांगण्याने उपयोगही नाही) काचेच्या कपाटात कुलूपबंद पुस्तके वर्षानुवर्षे पाहिली आहेत. फाटू नयेत म्हणून ती मुलांना देत नसत. ती फाटली नाहीत, हे खरेच.

सीमेपलीकडच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आळंद हा कलबुर्गी जिल्ह्यातला तालुका. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला उमरगा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके आमच्याकडे बंगळूरहून येतात, पुण्याच्या बालभारतीकडून नव्हे. वर्गातली मुले घरी काय बोलतात, असे कोणी विचारले तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कन्नड, गल्लीत दखनी, आणि बाजारात तिन्ही एका वाक्यात. 'ताई' म्हटले की मराठी घरातल्या मुलाला थोरली बहीण आठवते. कन्नड घरातल्या मुलाला त्या आवाजाने आई आठवते, कारण कन्नडात 'तायि' म्हणजे आई. अंकलिपीतले 'ताई'चे चित्र दाखवले की या वर्गात वाद होतो, आणि दोन्ही पक्ष बरोबर असतात.

अशा वर्गासाठी पुस्तक निवडणे हे समीक्षेचेच काम आहे, हे मला उशिरा कळले. आधी मी सरसकट जमवत गेलो. मग दिसू लागले की चाळीसेक पुस्तके कायम बाहेर असतात आणि बाकीची पेटीच्या तळाशी कोरी राहतात. मुलांची ही निवड का, हे शोधण्यात माझी दोन वर्षे गेली.

पहिली गोष्ट चित्राची. सचित्र पुस्तक निराळे आणि चित्रपुस्तक निराळे. सचित्र पुस्तकातले चित्र मजकूर जे सांगतो तेच पुन्हा सांगते. ओळीत लिहिलेले असते की मांजर पळाले, आणि चित्रात मांजर पळत असते. खऱ्या चित्रपुस्तकात दोघांनी काम वाटून घेतलेले असते. ओळ म्हणते, मांजर कुठे गेले कोण जाणे. आणि चित्रात शिंक्याच्या वर शेपटी दिसते. अजून अक्षर न लागलेले मूल इथे वाचकाच्या पुढे असते, कारण शेपटी त्याला दिसलेली आहे. वाचता न येणाऱ्याला आपण शहाणे आहोत असे वाटू देणारे पुस्तक मूल पुन्हा मागते.

दुसरी गोष्ट ओळीची, आणि इथे मराठीत मोठा घोळ आहे. पहिल्या वाचनासाठी लिहायचे म्हटले की आपले लेखक जोडाक्षरे टाळतात, वेलांट्या आणि उकार टाळतात. हे सगळे टाळता टाळता अर्थही टळतो. मग कोणीतरी कोणालातरी काहीतरी बघ म्हणतो. का बघ, ते पुस्तकभर कळत नाही. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या १९३१च्या पुस्तकातला शिक्षक सगळ्यांनी एकच पाठ्यपुस्तक घेण्याऐवजी त्या पैशांत गोष्टींची निरनिराळी पुस्तके आणून वर्गाचे ग्रंथालय करतो. ताराबाई मोडक याच भावनगरच्या परंपरेतून आल्या आणि पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले. इतकी जुनी पुण्याई पाठीशी असताना मराठीत पहिल्या वाचनाची पुस्तके जोडाक्षरांच्या भीतीत अडकून राहावीत, याचे आश्चर्य वाटते. सहा वर्षांच्या मुलाला 'म्हैस' वाचायला जड जात नाही. म्हैस त्याच्या दारात बांधलेली आहे. जड जाते ते 'नभ'.

या दृष्टीने माधुरी पुरंदरे यांचे काम पाहण्यासारखे आहे. लिहिणारी आणि चित्रे काढणारी एकच व्यक्ती असली की चित्र आणि मजकूर यांची वाटणी किती सहज होते, याचा मराठीतला उत्तम पुरावा त्यांची पुस्तके आहेत. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने ती निगुतीने काढली. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 'राधाचं घर' या संचात घरातल्या माणसांवर छोटी छोटी पुस्तके आहेत. कोणी राजपुत्र नाही, कोणी शिकवण देत नाही. माणसे घरात जशी असतात तशी आहेत, आणि लेखिका मुलाकडे वाकून बोलत नाही. 'बाबाच्या मिश्या' हे आमच्या पेटीतले लाडके पुस्तक. त्याचे गुपित विषयातच आहे. मिशी हा मुलांच्या दृष्टीने अतिशय गंभीर विषय असून त्यावर मोठ्यांनी आजवर पुरेसे लिहिलेले नाही.

या पुस्तकांवर माझा एक आक्षेप होता. त्यातले घर शहरी आहे, त्यातली मराठी पुण्याच्या बाजूची आहे. आमच्या मुलाचे घर माळवदाचे, कुंपण तुराट्यांचे, ताटात ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण. हा आक्षेप मी एका शिक्षक बैठकीत मोठ्या आवेशाने मांडलाही होता. मुलांनी तो खोटा पाडला. शहरातले घर त्यांना परके वाटते, पण परके म्हणून नकोसे वाटत नाही. उलट ती चित्रात खिडकी-खिडकी शोधत बसतात. म्हणून आक्षेप मागे घेतो, पण अर्धाच. राधाचे घर पुस्तकात आहे याची तक्रार नाही. तक्रार ही की माळवदाचे घर कोणत्याच पुस्तकात नाही. महाराष्ट्रभर ओट्या-ओसऱ्यांवर जी शहाबादी फरशी बसवलेली आहे, ते शहाबाद आमच्या जिल्ह्यातले. आमचा दगड पुण्याच्या घरात गेला, पण आमचे घर पुण्याच्या पुस्तकात अजून गेले नाही.

बोलीचा प्रश्न याला लागूनच येतो. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी लोकांच्या बोलण्याचा भाषाशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला आणि पुढे तिथेच मुलांना वाचायला शिकवण्याचे काम दीर्घकाळ केले. मूल घरी जे बोलते ते अशुद्ध आहे असे समजून सुरुवात केली की वाचनाचा पाया खचतो, हे अशा कामातून शिकण्यासारखे आहे. आमचे मूल 'हाय' म्हणते आणि पुस्तक 'आहे' म्हणते. माझे मत असे की निवेदन प्रमाण मराठीत असावे आणि पात्रांनी आपापल्या घरचे बोलावे. सगळेच पुस्तक बोलीत लिहिण्याचा आग्रह मला पटत नाही. लिहिणारे बहुधा शहरात बसून बोली लिहितात आणि ती कुठल्याच गावची राहत नाही.

पुरंदरे यांचेच 'चित्रवाचन' हे पुस्तक आमच्या वर्गात सर्वांत अधिक कामाला आले. त्यात चित्रे बघायची आणि बोलायचे. पुण्यातल्या वर्गात ते बोलायला लावणारे पुस्तक असेल. आळंदच्या वर्गात ते त्याहून मोठे काम करते, कारण चित्राला माध्यम नसते. एकाच बाईकडे बोट दाखवून एक मूल आई म्हणते, दुसरे अव्वा, तिसरे अम्मी, आणि कोणाचेच चुकत नाही. पाठ्यपुस्तकाने ही मुभा कधी दिली नव्हती.

आता भाषांतरित पुस्तकांकडे वळतो, कारण पेटीतली निम्म्याहून अधिक पुस्तके तीच आहेत. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला, चेन्नईच्या तूलिकाची पुस्तके, २००४ मध्ये सुरू झालेल्या बंगळूरच्या प्रथम बुक्सची पुस्तके : ही नसती तर स्वस्त रंगीत पुस्तक आमच्या पोरांनी पाहिलेच नसते. हे ऋण मानून पुढचे बोलतो. यांतल्या अनेक पुस्तकांचे मराठी ऐकवत नाही. वाक्य मराठी शब्दांचे, चाल इंग्रजीची. मोठ्याने वाचताना जीभ अडखळते आणि मुलांचे लक्ष उडते. शिवाय पहिल्या पातळीचे, दुसऱ्या पातळीचे असे आकडे मुखपृष्ठावर असतात. मूळ भाषेवरून ठरलेला आकडा मराठीत टिकेलच असे नाही. इंग्रजीतला 'सन' तीन सोप्या अक्षरांचा. मराठीत त्याचा 'सूर्य' झाला की दीर्घ उकार आला आणि वर रफारही. तिथला पहिलीचा शब्द इथे दुसरीचा झाला. उलट 'एलिफंट' तिकडे अवघड आणि आपला 'हत्ती' त्या मानाने गरीब. भाषांतरकाराने शब्दकोशाबरोबर पहिलीचा वर्गही पाहिलेला असावा, एवढीच अपेक्षा आहे.

आणखी एक बारीक तक्रार, जी मोठ्यांना हसू आणते. मराठी पद्धतीचे पाकळीचे 'ल' आणि देठाचे 'श' ही अक्षरे मूल अंकलिपीत शिकते आणि पुस्तकात त्याला हिंदी वळणाची अक्षरे भेटतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ही मराठी वळणे ठरवून दिली; संगणकातल्या टंकांनी ती मनावर घेतली नाहीत, आणि तो निर्णय आमच्या हद्दीत लागूही होत नाही. ज्याला पन्नास अक्षरेच येतात त्याची दोन बदलली तर ती लहान गोष्ट नव्हे.

तरीही याच पुस्तकांनी मला या पेटीचा खरा उपयोग दाखवला, आणि त्यासाठी मला माझ्या लहानपणात जावे लागले. 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत निघत असे. आमच्याकडे मराठी अंक येई, शेजारच्या घरी कन्नड 'चंदमामा'. चित्रे तीच. तलवार उपसून, खांद्यावर प्रेत टाकून निघालेला शंकर यांच्या कुंचल्यातला विक्रम दोन्हीकडे त्याच पावलाने चाललेला. आम्ही दोन मुले ओसरीवर दोन अंक शेजारी ठेवून, चित्रावरून चित्रावर बोट नेत बसत असू. मला कन्नड वाचायला कोणी शिकवले नाही, ते वेताळाने शिकवले. ते मासिक २०१३ मध्ये बंद पडले तेव्हा मला एखादी शाळा बंद पडल्यासारखे वाटले.

आज कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकणे २०१५च्या कायद्याने आवश्यक आहे. सीमेचा वाद महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याचे काय व्हायचे ते होईल. मूल मात्र सहा वर्षांचे एकदाच असते. त्याला कन्नड यावे आणि मराठी जाऊ नये, यासाठी एकच चित्रपुस्तक दोन्ही भाषांत शेजारी ठेवण्याइतका साधा उपाय मला दुसरा दिसत नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर एकच पुस्तक कन्नडात आणि मराठीत मिळू शकते. छापून घेण्याची मोकळीक असते, आणि भाषांतर पटले नाही तर आपले करण्याचीही. मी काही पुस्तकांची वाक्ये तशी मोडून पुन्हा जुळवली आहेत. त्यात पाप वाटत नाही.

अशा जोडीत पहिला मान रोहिणी निलेकणी यांच्या शृंगेरी श्रीनिवासाला. लांब केसांचा हा गृहस्थ केस कापून घ्यायला एकेकाकडे जातो, जो तो कामात असतो आणि नाही म्हणतो, आणि शेवटी गाठ पडते ती वाघाशी. तीच विनंती, तोच नकार, पान उलटले की नवा माणूस. दुसऱ्या नकारानंतर तिसरा नकार मूल न वाचताच म्हणते, आणि मग आपण म्हटले ते खरेच लिहिले आहे का, हे पाहायला ओळीवर बोट ठेवते. वाचन सुरू होते ते तिथे. शृंगेरी कर्नाटकातलीच, त्यामुळे मराठी प्रतीतही गाव आमच्याच राज्यातले. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जे नाव दूरचे, ते इथे ओळखीचे.

एका पुस्तक प्रदर्शनात मी चित्रपुस्तकांची किंमत विचारत होतो तेव्हा मांडवातल्या विक्रेत्याने सहज विचारले, "तुमच्याकडे मराठी चालते का?" मी काही बोललो नाही. सूट किती देणार ते विचारले आणि गठ्ठा बांधून घेतला.

मागच्या आठवड्यात दुसरीतली एक मुलगी श्रीनिवासाच्या दोन्ही प्रती मांडीवर उघडून बसली होती. वाघाच्या पानावर थांबली. मराठीत 'वाघ', कन्नडात 'हुलि'. मला म्हणाली, "आजोबा, इकडं दोन अक्षरं हायती, तिकडं बी दोनच हायती." मोजून बघ, म्हटले. तिने मोजले. मराठी प्रत आतापर्यंत दोनदा शिवून झाली आहे, कन्नड प्रत एकदा. सुई-दोरा मी पेटीतच ठेवतो.