मुखपृष्ठ देखणे, आतले पान दाटीचे

मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे दीनानाथ दलालांपासून सुभाष अवचटांपर्यंत चित्रकारांची मोठी परंपरा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके तर नाटक न पाहिलेल्यांच्याही लक्षात राहिली. आतले पान मात्र या परंपरेच्या वाटेला फारसे आले नाही.

सर्वांत मोठा दोष ओळींमधल्या जागेचा. पानजुळणीसाठी सर्रास वापरले जाणारे इनडिझाइन, वेगळे सांगितले नाही तर, ओळींचे अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरते. म्हणजे १० पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंट. रोमन लिपीचे त्यात भागते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो आणि वाचणाऱ्याची नजर अडखळते. अंतर दोनतीन पॉइंटांनी वाढवले की तेच पान मोकळा श्वास घेते. पण पाने वाढतात, कागदाचा खर्च वाढतो, आणि काटछाट नेमकी इथेच होते.

चांगल्या अक्षरांची वाण आहे, ही सबब आता चालणार नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसाठी राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या खिळ्यांचे वळण आजही अभ्यासले जाते. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा इंग्रजी ग्रंथ १९७१ सालचा. संगणकावर र. कृ. जोशींचा ‘मंगल’ आला, पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ विनामूल्य खुले केले. अक्षरे आहेत, ती मांडायची कशी, याचा विचार तोकडा आहे.

वृत्तपत्रांचे अरुंद रकाने पाहावेत. मराठी शब्द प्रत्यय घेऊन लांबतो: ‘विद्यापीठाच्या’, ‘कर्मचाऱ्यांसाठी’. शब्द तोडायचा नाही आणि दोन्ही कडा सरळ हव्यात, या हट्टापायी ओळीत भगदाडे पडतात. काही ठिकाणी ती बुजवायला अक्षरेच फाकवतात. मग शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे शब्दपणच जाते. उजवी कड मोकळी सोडणे हा सोपा उपाय आहे, पण तो करून पाहण्याचे धाडस फार थोडे संपादक दाखवतात.

अपवाद आहेत. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाची पुस्तके निर्मितीसाठी नावाजली जातात. त्यांचे कवी अरुण कोलटकर स्वतः जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते. कवितेला कोरी जागा हक्काने मिळते. चारशे पानांच्या कादंबरीला ती अधिक लागते, कारण वाचकाला तिच्यासोबत कित्येक तास काढायचे असतात.

पुस्तकाच्या सुरुवातीला मुखपृष्ठकाराचे नाव असते, अक्षरजुळणी कोणी केली तेही असते. समास किती, ओळीची लांबी किती, अक्षर कोणते, हे ज्याने ठरवले त्याचे नाव क्वचितच दिसते. बहुतेक वेळा ते कोणी ठरवलेलेच नसते. प्रकाशकांनी हे काम जाणत्या माणसाकडे सोपवावे, त्याचा वेगळा मोबदला द्यावा आणि छपाईआधी एक फर्मा कागदावर काढून वाचून पाहावा.