मेंडेल्सझोनचे विद्यापीठकालीन धार्मिक वृंदगान
जर्मन संगीतरचनाकार फेलिक्स मेंडेल्सझोन (३ फेब्रुवारी १८०९–४ नोव्हेंबर १८४७) याने बर्लिन विद्यापीठात शिकत असताना, १८२७–२९ या काळात, रचलेले ख्रिस्ती धार्मिक वृंदगान. विद्यापीठात त्याने हेगेलची सौंदर्यशास्त्रावरील व कार्ल रिटरची भूगोलावरील व्याख्याने ऐकली. त्याचे संगीतशिक्षण मात्र विद्यापीठाबाहेर, कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर याच्याकडे झाले. त्सेल्टर हा फाशने १७९१ मध्ये स्थापन केलेल्या ‘झिंगआकाडेमी’ या गायकसंस्थेचा संचालक होता. बाखच्या वृंदरचनांचा अभ्यास या संस्थेत चालत असे.

या काळातील प्रमुख रचना म्हणजे तू एस पेत्रुस (१८२७), क्रिस्टे, डू लाम गोट्टेस (१८२७), येझू, माइने फ्रॉइडे (१८२८) आणि होरा एस्ट (१८२८). यांपैकी पहिली व शेवटची लॅटिन, तर मधल्या दोन जर्मन प्रॉटेस्टंट प्रार्थनागीतांवर आधारलेल्या आहेत. बहीण फानी हिला वाढदिवस वा नाताळनिमित्त भेट म्हणून यांतील काही रचना दिलेल्या होत्या.

या रचनांना बाखचे अनुकरण म्हणणे अंशतःच बरोबर आहे. परिचित प्रार्थनागीताची चाल कायम ठेवून तिच्याभोवती इतर स्वरपंक्ती विणण्याची पद्धत बाखचीच आहे. तथापि बाखच्या कँटाटांत विशिष्ट उपासनादिनाला धरून एकलगीते व पठणशैलीतील गायन यांतून धर्मवचनाचे विवरण येते. मेंडेल्सझोनच्या उपर्युक्त दोन्ही जर्मन रचनांत केवळ वृंद व तंतुवाद्ये असून त्या एकसलग आहेत. तेथे प्रवचन नाही, चिंतन आहे. सामुदायिक उपासनेचे गीत येथे खाजगी मननाचा विषय होते. हा बदल तरुण रचनाकाराचा स्वतःचा आहे.

होरा एस्ट ही चार वृंदांत विभागलेल्या सोळा स्वरपंक्तींची रचना. फाशने सोळा स्वरांसाठी रचलेल्या ‘मास’चा आदर्श तिच्यामागे होता. तिची भव्यता निर्विवाद असली, तरी काही ठिकाणी कौशल्याचे प्रदर्शन भावनेवर मात करते. उलट जर्मन रचनांचा संयम अधिक परिणामकारक ठरतो. ११ मार्च १८२९ रोजी मेंडेल्सझोनने बाखच्या सेंट मॅथ्यू पॅशन चा जो ऐतिहासिक प्रयोग बर्लिनमध्ये सादर केला, त्याची पूर्वतयारी या रचनांतून झालेली दिसते. सेंट पॉल (१८३६) या ऑरेटोरिओतील प्रार्थनागीतांची योजनाही येथूनच उगम पावते.

ज्यू कुळात जन्मलेल्या मेंडेल्सझोनचा बाप्तिस्मा १८१६ मध्ये झाला होता. वॅगनरने १८५० मध्ये ज्यू रचनाकारांवर लेख लिहून मेंडेल्सझोनच्या संगीतात अंतःकरणाचा ठाव घेणारी खोली नाही, असा वंशद्वेषमूलक आक्षेप घेतला. तो खोडून काढू शकणारा हा पुरावा त्या वेळी वाचकांसमोर नव्हता. तू एस पेत्रुस रचनाकाराच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. म्हणूनच तिचा १११ हा कृतिक्रमांक तिला उत्तरकालीन भासवतो. प्रार्थनागीतांवरील रचना तर विसाव्या शतकातच सर्वांना उपलब्ध झाल्या. त्यामुळे मेंडेल्सझोनच्या धर्मसंगीताचे मूल्यमापन दीर्घकाळ त्याच्या उत्तरकालीन ऑरेटोरिओंवरूनच होत राहिले व ते अपुरे ठरले.