‘माझे कुटुंब’ आणि आपली वाडी : साथीच्या काळातली शब्दयोजना

(देवगड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय ‘साथीचे मानसशास्त्र’ असा जाहीर झालाय. एवढा मोठा विषय तासाभरात मावायचा नाही, म्हणून आम्ही चार शब्दांची एक घोषणा समोर ठेवणार आहोत आणि एखादी कविता वाचावी तशी ती वाचणार आहोत. घोषणा तुमच्या ओळखीची आहे : ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. 15 सप्टेंबर 2020 ला ही मोहीम राज्यात सुरू झाली. पथकं घरोघर गेली, ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आधीचे आजार विचारले. काम चांगलं होतं, गरजेचं होतं. आमचं भांडण आहे ते शब्दांशी.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. एप्रिल-मे 2020. टाळेबंदी, आणि इकडे हापूसचा ऐन हंगाम. गाड्या मिळवताना बागायतदारांची दमछाक झाली, तरी पेट्या मुंबई-पुण्याकडे जातच होत्या, काही तर थेट सोसायट्यांच्या दारात. म्हणजे आमची पेटी मुंबईला चालत होती, पण मुंबईचा माणूस आम्हाला चालत नव्हता. ज्या चाकरमान्याला एरवी ‘गणपतीक कधी येतलस?’ म्हणून फोन जायचे, त्याला ‘आता येव नको’ असं सांगायची पाळी सख्ख्या भावावर आली. जो आला, तो चौदा दिवस शाळेच्या खोलीत. घर समोर दिसतंय, आई पडवीत उभी आहे, आणि हा खिडकीत.

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्हाला ते पटत नाही. पॉल स्लोविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1987 साली एक मांडणी केली : माणूस धोका मोजतो तो मेलेल्यांच्या आकड्यावरून नव्हे. धोका किती अनोळखी आहे आणि त्याची धास्ती किती, यावर त्याचं माप ठरतं. इथे देवगडात हे समजावून सांगायला नको. कातळावर फुरसं असतं हे ठाऊक असून माणसं रोज बागेत जातातच ना? फुरसं आपल्या ओळखीचं आहे. कोरोना ओळखीचा नव्हता, दिसतही नव्हता. आणि न दिसणाऱ्या गोष्टीला माणूस तोंड शोधतो. त्यात भाषा सगळी युद्धाची : लढाई, योद्धे, हरवूया, जिंकूया. युद्ध म्हटलं की शत्रू आला. विषाणू दिसेना, मग पाठीवर बॅग घेऊन एसटीतून उतरलेला माणूस दिसला. ‘आजाराशी लढायचं आहे, आजारी माणसाशी नाही’ असं त्या वेळी मोबाइलची कॉलर ट्यून दिवसभर सांगत होती. वाक्य उत्तम. पण तेच ‘लढायचं’ हे क्रियापद त्यातही आहेच.

हे नवं नाही. 1897 ची पुण्यातली प्लेगची साथ आठवा. रँडच्या कारभारात सैनिक घराघरांत शिरले, माणसं उचलून छावण्यांत नेली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. रोगापेक्षा तपासणीची भीती मोठी झाली. पुढे 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तो इतिहास आपण शाळेत शिकतो. लपवलेल्या तापाचा इतिहास कुणी शिकवत नाही. आणि गंमत बघा, मार्च 2020 मध्ये सरकारने जो साथरोग कायदा हाती घेतला, तो त्याच 1897 सालचा.

आता घोषणेकडे येऊ. चार शब्दांत ‘माझे-माझी’ दोनदा. आमचा पहिला प्रश्न : कोकणात आजारपण एका कुटुंबाचं असतं का हो? रात्री रोग्याला रुग्णालयात न्यायला रिक्षा काढतो तो शेजारी. तिरडीला खांदा देते ती वाडी. गावात कोण येणार, कुठे राहणार, हे 2020 मध्ये ठरवलं तेही गावकीनेच. घोषणेत मात्र वाडीही नाही, गावही नाही.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. जबाबदारी माझी, आणि तरीही माझ्या घरात ताप आला, तर? मग चूकही माझीच. इथे ‘जबाबदारी’चा अर्थ गुपचूप ‘दोष’ होतो. मग ताप ‘साधी सर्दी’ होतो, चाचणी दोन दिवस पुढे ढकलली जाते, आणि दारात आलेल्या आशाताईंना ‘सगळी बरी आसत’ असं उत्तर मिळतं. शब्दांनी एवढा फरक पडतो का, असं कुणाला वाटेल. ट्वर्स्की आणि कानेमन यांचा 1981 चा प्रयोग साथीवरच बेतलेला आहे. कल्पना अशी की 600 माणसं मरणार आहेत. ‘200 वाचतील’ असं सांगितलं तेव्हा 72 टक्के लोकांनी तो खात्रीचा उपाय निवडला. तोच उपाय ‘400 मरतील’ अशा शब्दांत सांगितला, तेव्हा 22 टक्क्यांनी. आकडे तेच, माणसं मात्र उलटी फिरली.

घोषणेची बाजूही मांडायला हवी. नुसती भीती घातली की माणूस कान बंद करतो. ‘हे तुझ्या हातात आहे’ असं सांगितलं की तो काहीतरी करतो. ‘माझी’ या शब्दात तो दिलासा आहे, हे आम्ही मान्य करतो. पण एप्रिल 2021 उजाडला, लोक ऑक्सिजनच्या खाटेसाठी शहरभर वणवण फिरत होते, तेव्हा तेच शब्द कसे ऐकू आले असतील? खाट काही कुटुंबाच्या हातात नसते. सगळा भार घरावर टाकणारं वाक्य कुठल्याही रंगाच्या सत्तेला सोयीचं असतं. म्हणूनच ते तपासून घ्यावं लागतं.

मग चांगलं वाक्य कसं असतं? आमच्या मते त्याच वर्षी सरकारनेच एक लिहिलं होतं, आणि ते घोषणा म्हणून लिहिलेलं नव्हतं. गणेशोत्सवाचा नियम : सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरची दोन फुटांपर्यंत. किती साधं! मुंबईच्या मंडळालाही नियम, देवगडच्या माटवीखालच्या गणपतीलाही नियम. पाळला की नाही ते सगळ्यांना दिसतं, आणि त्यात कुणी संशयित ठरत नाही. त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने तर मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं. चाकरमान्यांचे नियम याच्या शेजारी ठेवून बघा. 12 ऑगस्टपूर्वी आलात तर दहा दिवस घरात, नंतर आलात तर चाचणी. वैद्यकीयदृष्ट्या त्याला कारण असेल. पण ऐकणाऱ्याला त्यात एकच ऐकू आलं : संशय तुमच्यावर आहे.

बरं, आमचं बोलून झालं. मागच्या बाकावर दोन आशाताई बसल्यात. त्या वर्षी दारात आम्ही नव्हतो उभे, त्या होत्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारावा, किंवा आमचं काय चुकलं ते सांगावं. माईक जरा तिकडे द्या.