‘पिशवी’ या शब्दाची मर्यादा

लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. हा आकडा वारंवार उद्धृत होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याविषयी मात्र तो मुका आहे. याचे एक कारण भाषेत आहे.

नांदेड-लातूरकडे या शस्त्रक्रियेस ‘पिशवी काढणे’ म्हणतात. शब्दप्रयोग सोपा व संकोच राखणारा आहे, पण अपुरा आहे. केवळ गर्भाशय काढल्यास रक्तस्राव थांबतो, अंडाशयांचे कार्य मात्र चालू राहते (ते काही वर्षे आधी मंदावण्याचा संभव असतो, हे खरे). दोन्ही अंडाशये काढल्यास इस्ट्रोजेन एकाएकी घटते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, पुढे हाडे ठिसूळ होतात, आणि पंचेचाळिशीच्या आत हे घडले तर हृदयविकाराचा धोकाही वाढतो. या दोन भिन्न अवस्था एकाच ‘पिशवी’त कोंबल्या जातात.

प्रश्नावलीत ‘पाळी कधी गेली?’ असे विचारले की उत्तर येते ते शस्त्रक्रियेचे वर्ष. संशोधक त्यालाच रजोनिवृत्तीचा आरंभ समजतो. वस्तुतः ‘निवृत्ती’ हा शब्दच येथे खटकतो. नियत काल संपल्यावर होते ती निवृत्ती, तिशीतल्या शस्त्रक्रियेला ते नाव शोभत नाही.

लक्षणांच्या मापनातही हीच अडचण आहे. रजोनिवृत्तीच्या त्रासाचे ११ लक्षणांचे जे मापक जगभर वापरले जाते, त्यातील पहिलेच लक्षण वाफा व घाम हे आहे. त्याचे ‘उष्णतेचा त्रास’ असे भाषांतर केले तर मराठवाड्यातील स्त्री तोंड येणे आणि लघवीची जळजळ यांचाही त्यात समावेश करील. उन्हात ऊस तोडणारीचा घाम कोणत्या कारणाचा, हे तर त्या शब्दावरून मुळीच कळत नाही. ‘रात्री झोपेतून उठवणाऱ्या वाफा’ असे विचारणे अधिक नेमके ठरेल.

‘पिशवी’ हा शब्द प्रश्नावलीतून हद्दपार करावा, असे नव्हे. त्याखेरीज संवादच सुरू होणार नाही. त्याच्यापाठोपाठ ‘पिशवीच्या दोन्ही बाजूंचे, बीज तयार करणारे अवयवही काढले का?’ हा स्वतंत्र प्रश्न असावा, आणि त्याचे उत्तर डिस्चार्ज कार्डाशी ताडून पाहावे.